भिशीच्या मैत्रिणी निघाल्या क्रूझला: प्रश्न डब्याचे आणि बंद घराचे

मुंबईहून क्रूझला जायचं ठरवलेल्या मैत्रिणींच्या गटांकडून या वेळी बरेच प्रश्न आले. निम्मे डब्याचे आहेत आणि निम्मे मागे कुलूप लावून जायच्या घराचे. दोन्हींत पुन्हा पुन्हा एकच खोड निघते, ती ओलीची. धपाटा चिकट होतो तो ओलीनं, चटणी खवट होते तीही बऱ्याचदा ओलीनं, आणि आठ दिवसांनी दार उघडल्यावर जो वास येतो त्याच्या मागेही ओलच असते. म्हणून उत्तरांत प्रमाणाइतकीच जागा पाण्याला दिली आहे.

प्रश्न : आम्ही आठ जणी लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबईला आणि तिथून गोव्याच्या क्रूझवर निघालोय. सोबत धपाटे न्यायचं ठरलंय. पण मागच्या सहलीला दुसऱ्या दिवशीच त्यांना तार सुटली होती. चार दिवस टिकतील असं काहीतरी सांगा. (लातूर)

उत्तर : चार दिवसांचा हट्ट सोडा, ताई. घरचा धपाटा थंडीत फार तर चोवीस तास चांगला राहतो, उन्हाळ्यात त्याच्या निम्माच. रात्री गाडीत आणि सकाळी सीएसएमटीला उतरल्यावर, बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर पोचायच्या आत संपतील एवढेच करा. पुढे बॅगा मशीनमधून तपासल्या जातात आणि घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. माणशी तीन म्हणजे चोवीस धपाटे पुष्कळ झाले.

प्रमाण असं घ्या: ज्वारीचं पीठ ३ वाट्या, कणीक अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी, तीळ २ चमचे, ओवा अर्धा चमचा, हळद, दीड चमचा तिखट, चवीपुरतं मीठ, आणि ८-१० लसूण पाकळ्या एक चमचा जिऱ्याबरोबर ठेचून. यात मध्यम आकाराचे दहा धपाटे होतात. घरी खायच्या धपाट्यात आपण कांदा घालतो, दह्यात किंवा ताकात पीठ भिजवतो. प्रवासाच्या धपाट्यात यातलं काहीच नको. चिरलेला कांदा भाजल्यावरही आत पाणी धरून बसतो आणि तार तिथूनच सुरू होते. कोथिंबीर, मेथी घालायचीच असेल तर आदल्या दिवशी धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडी करून घ्या. पिठात दोन चमचे कडकडीत तेल आणि कोमट पाणी घाला. पाणी साधारण दोन ते अडीच वाट्या लागेल, पण ते पिठावर आहे, म्हणून थोडं थोडं घाला.

ओल्या कपड्यावर नेहमीसारखा थापा, थोडा पातळच. मधे भोकं पाडून कडेनं तेल सोडा. दोन्ही बाजू भाजल्यावर लगेच उतरवू नका. आच अगदी मंद करून एकेक मिनिट दोन्हीकडून परत शेका, म्हणजे आतली वाफ निघून जाते. बहुतेकींची चूक याच्या पुढे होते: गरम धपाटे एकावर एक रचले जातात. खालच्याची वाफ वरच्याला लागते, तिचं पाणी होतं, आणि डबा बंद केला की आत ओल आणि ऊब दोन्ही कोंडतात. जाळीवर किंवा सुती धोतराच्या कापडावर एकेक सुटा पसरा. हाताला थंड लागल्यावर आणखी अर्धा तास तसाच राहू द्या, मग कापडात गुंडाळून डब्यात भरा. फॉइल नको, त्यात घाम सुटतो.

प्रश्न : जहाजावर तीन-चार दिवस नुसतं पनीर आणि पास्ता खावा लागला तर आमच्या गटातल्या दोघी उपाशीच राहतील. छोटी इलेक्ट्रिक केटली आणि येसर नेलं तर खोलीत आमटी होईल का? (परभणी)

उत्तर : केटली नेऊ नका. केटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉईल, हे सगळं टर्मिनलवरच काढून ठेवतात आणि ते बरोबरच आहे. भर समुद्रात आगीसारखं दुसरं संकट नाही. जायच्या आधी कंपनी काय आणू नये याची यादी पाठवते. गटातल्या एकीनं ती नीट वाचून सगळ्यांना कळवावी. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दलही त्यात लिहिलेलं असतं.

केटली चालली असती तरी येसराची आमटी तिच्यात झाली नसती. येसरात गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजून दळलेली असते, पण ते पूर्ण शिजायला आठ-दहा मिनिटं खळखळ उकळी लागते. नुसत्या गरम पाण्यात कालवलं तर पिठूळ लागतं आणि पोटाला जड जातं. येसर घरीच ठेवा, परत आल्यावर करा: तीन वाट्या पाण्याला दोन मोठे चमचे येसर, आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात. थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा.

जहाजावर मेतकूट न्या. त्यातली धान्यं आणि डाळी खमंग भाजलेल्या असतात आणि ते असंच खायचं असतं. जेवणघरात साधा भात आणि तूप किंवा बटर मिळतंच. त्यावर दोन चमचे मेतकूट, चिमूटभर मीठ, झालं. जोडीला शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. घरचं सुकं जिन्नससुद्धा काही जहाजांवर चालत नाही, तिथे दुकानातलं, छापील वेष्टनातलं, न फोडलेलं पाकीट न्यावं. दोन-दोनशे ग्रॅमची लहान पाकिटं घ्या, म्हणजे एक फोडलं तरी बाकीची सादळत नाहीत. समुद्रावरची हवा दमट असते. लातुरात आठ दिवस कुरकुरीत राहणारा मुरमुऱ्यांचा चिवडा तिथे रात्रीतून मऊ पडतो.

आणखी एक. मोठी बॅग टर्मिनलवरच जमा होते आणि खोलीच्या दारात यायला संध्याकाळ होऊ शकते. बीपी-शुगरच्या गोळ्या, ओळखपत्र, एक कपड्यांचा जोड आणि हे मेतकूट हातातल्या पिशवीतच ठेवा.

प्रश्न : शेंगदाण्याची चटणी करायला घेतली आणि मिक्सर मधेच बंद पडला. चटणीचाही गोळा झाला. दोन्हीचं काय करू? (नांदेड)

उत्तर : मिक्सर बहुतेक ठीक आहे. स्विच बंद करा, पिन काढा, मिक्सर उलटा करून तळाशी बघा. तिथे एक लहान, बहुधा लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटार वाचते. दहा-पंधरा मिनिटं मोटार गार होऊ द्या, बटण दाबा, भांडं अर्धं रिकामं करून परत लावा. बटण दाबल्यावर लगेच पुन्हा बाहेर येत असेल किंवा जळका वास येत असेल तर पुढे चालवू नका, दुरुस्तीला द्या.

भार वाढला तो चटणीच्या गोळ्यामुळेच. दाणे कोमट असताना फिरवले, किंवा सलग फिरवले, की पात्याच्या उष्णतेनं तेल सुटतं आणि सगळं पात्याभोवती घट्ट बसतं. पाव किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. साल तडकून हाताला सुटली पाहिजे आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला पाहिजे. डाग पडले की कडवट होते. पूर्ण गार झाल्यावर साल पाखडून टाका. आधी लसूण, एक चमचा जिरे, दोन चमचे तिखट, दीड चमचा मीठ असं फिरवून घ्या. मग दाणे तीन वेळा विभागून घाला आणि बटण दोन-दोन सेकंद दाबून सोडत जा. घरात उखळ किंवा खलबत्ता असेल तर शेवटचा हात त्यातच द्या. कुटल्यानं तेल हळूहळू, बेतानं सुटतं आणि चटणी भरडच राहते, आपल्याकडची खरी चव तीच.

घरी चार दिवसांत संपणार असेल तर लसूण कच्चा चालतो. प्रवासासाठी त्याचे पातळ काप करून कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, गार करा, मग वाटा. कच्च्या लसणाला पाणी असतं आणि चटणीला वास तिथून धरतो. अशी कोरडी चटणी घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरडा चमचा वापरला तर, पंधरा दिवस सहज जाते. झालेला गोळा फेकू नका. त्यात थोडं फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ मिसळून मोकळा करा आणि घरातच संपवा.

प्रश्न : जहाजाच्या खोलीत लोणच्याची बाटली फुटली. पांढऱ्या चादरीवर, साडीवर तेल-हळद. शिवाय डबे धुतले तर बेसिन तुंबलं. अशा वेळी काय करावं? (जालना)

उत्तर : चादरीचं आधी. लपवू नका, लगेच खोली आवरायला येणाऱ्याला सांगा. तेलाचा डाग जितका ताजा तितका निघतो. साडीवर कोरडी टाल्कम पावडर जाड थरानं टाकून अर्धा तास ठेवा, तेल ती शोषून घेते. झटका, मग भांड्याच्या लिक्विड साबणाचा थेंब बोटानं चोळून गार पाण्यानं धुवा. साडी रेशमी असेल तर पावडरवर थांबा आणि गावी आल्यावर ड्रायक्लीनला द्या. साबण लागताच पिवळा डाग एकदम लाल होईल. तिथे बहुतेकजणी घाबरून आणखी साबण लावतात. साबण आणि सोड्यानं हळद लाल होतेच, खळखळून धुतली की परत पिवळी होते. उरलेला पिवळेपणा ऊन काढतं. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको आणि गरम हवेचा ड्रायरही नको, उष्णतेनं तेल धाग्यात बसून जातं.

बेसिनमध्ये डबा धुऊ नका. खोलीतले पाइप अरुंद असतात, आणि तेल, डाळ्याचं पीठ, भाताची शितं मिळून घट्ट बूच तयार होतं. डबा आधी कागदी रुमालानं पुसून कागद कचऱ्यात टाका, मग विसळा. संडासाबद्दल याहून जपा. जहाजावर मैला पाण्याच्या जोरानं जात नाही, हवेच्या दाबानं ओढला जातो. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, उरलेलं अन्न असलं काही आत गेलं तर तुमच्या एका खोलीचं नाही, त्या लाइनवरच्या अनेक खोल्यांचं अडतं.

लोणचं न्यायचंच तर काचेची बाटली नको. मोहरी-तेलातलं नको, लिंबाचं बिनतेलाचं न्या, ते फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बरणीत, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून, आणि बरणी वेगळ्या जाड पिशवीत.

प्रश्न : समुद्र लागतो म्हणतात. त्यावर घरचं काय खावं? (हिंगोली)

उत्तर : निघायच्या आधी उपाशी राहू नका आणि तुडुंब जेवूही नका. मुरमुरे, फुटाणे, कोरडी भाकरी असं हलकं, आणि आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला. तळलेलं आणि दुधाचं पहिल्या दिवशी टाळा. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. खोली निवडता येत असेल तर जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी.

प्रश्न : आठ दिवसांनी घर उघडलं तर दोन खोल्यांत पाणी. नळाची तोटी उघडी राहिली होती. ज्वारीचं पोतं, शेंगांचं पोतं, गादी, सगळं भिजलं. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ही चूक एकट्या तुमची नाही. पाणी चार-आठ दिवसांनी येतं, कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आवाजानं कळावं यासाठी तोटी उघडी ठेवायची सवय आपल्या शहरांत घरोघरी आहे. जायकवाडीहून पाणी उपसून आणायचं तर मधे लाईट गेली किंवा जलवाहिनी फुटली की वार बदलतो. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. असे दिवस काढलेल्या माणसाला तोटी बंद करणं जिवावर येतं. पण कुलूप लावताना ती बंदच पाहिजे, आणि नुसती तोटी नाही, मीटरजवळचा मेन व्हॉल्व्ह. हौद भरून घ्यायचा असेल तर फ्लोट व्हॉल्व्हचा गोळा हातानं वर उचलून बघा. धार पूर्ण थांबली तरच त्याच्यावर विश्वास ठेवा. क्षार बसून तो अर्धवट लागत असेल तर तासाभरात हौद वाहायला लागतो.

आता भिजलेलं घर. पाण्यात पाय घालण्याआधी वीज. मेन स्विच कोरड्या जागेवरून हाताशी असेल तर बंद करा. तिथवर पाण्यातून जावं लागत असेल तर आत जाऊ नका, वायरमनला बोलवा. खालच्या बोर्डांच्या सॉकेटमध्ये पाणी गेलं असेल तर ते उघडून वाळवल्याशिवाय लाईट सुरू करू नका.

पोत्यातली ज्वारी सगळी एकदम ओतू नका, नाहीतर कोरडी ओलीत मिसळते. पोतं उभंच ठेवून वरून शिवण उसवा आणि वरची कोरडी आधी काढून घ्या. मधली, दमट पण मोकळी, ती उन्हात दोन बोटं जाडीच्या थरात पसरा, दर दोन तासांनी फणा फिरवा, रात्री आत घ्या. दोन-तीन कडक उन्हं लागतात. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की वाळली. तळाची, गठ्ठा झालेली, आंबूस वासाची किंवा मोड फुटलेली ज्वारी घरात खायला ठेवू नका. शेंगदाण्याच्या बाबतीत तर अजिबात जीव अडकवू नका. ओल्या शेंगदाण्यावर जी बुरशी येते तिचं विष भाजून, उकळून जात नाही. हिरवट-काळपट झालेले, सुरकुतलेले दाणे वेचून बाकीचे वापरू हाही विचार नको, आणि जनावरांनाही घालू नका.

कापसाची गादी उसवून कापूस वाळवला आणि पिंजून घेतला तर वाचते. फोमची आतपर्यंत भिजली असेल तर वाचत नाही.

प्रश्न : फ्रीज चालू ठेवून गेलो होतो. मधे लाईट गेली असावी, आता फ्रीज धुतला तरी वास जात नाही. (बीड)

उत्तर : वास आत नाही, मागे आहे. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीला खाली एक बारीक भोक असतं, वितळलेलं पाणी त्यातून मागच्या ट्रेमध्ये जातं. तो ट्रे कॉम्प्रेसरच्या वर असतो. दूध किंवा मटणाचं पाणी त्यात उतरून सडलं की वरून कितीही पुसा, फरक पडत नाही. पिन काढा, फ्रीज पुढे ओढा, ट्रे निघत असेल तर काढून धुवा, नाहीतर स्पंजनं टिपून घ्या. भोकात पातळ प्लास्टिकची नळी फिरवून कोमट पाणी सोडा. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा. दाराच्या रबराच्या घड्या कानकोरणीच्या कापसानं साफ करा, काळी बुरशी तिथेच दडते. दार दिवसभर उघडं ठेवून मग फ्रीज लावा आणि वाटीत सोडा आत ठेवा.

पुढच्या वेळी आठ दिवस जायचं असेल तर फ्रीज रिकामा करून, पुसून, दाराला कापडाची घडी अडकवून बंदच ठेवा. चालू ठेवणं भागच असेल तर वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, फ्रीझरमधलं काही खाऊ नका.

प्रश्न : परतल्यावर घरात माळवं नाही, दमायलाही झालेलं असतं. मुलं वरणफळं मागतात. पण बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुकर फुसफुसतो आणि फळं एकमेकांना चिकटतात. आणि तेच शिळं ज्वारीचं पीठ, त्याची भाकरीही मोडते. (धाराशिव)

उत्तर : भाकरीचं आधी सांगतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, आणि दळून पंधरा दिवस झाले की विरी जाते, म्हणजे पीठ धरून राहत नाही. त्याला उकड हा उपाय: वाटीभर पाणी मीठ घालून उकळा, वाटीभर पीठ एकदम घालून ढवळा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाका, हाताला सोसेल एवढं गरम असतानाच परातीत तळहातानं रगडून मळा. कडवट वास आलेलं पीठ मात्र उकडीनंही सुधारत नाही. जाताना डब्यात पीठ न ठेवता ज्वारी ठेवावी आणि आल्यावर आठ दिवसांपुरतं दळून आणावं.

डाळ बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे कडक राहते. कमी क्षाराचं पिण्याचं पाणी घ्या, डाळ तासभर भिजवा, चिंच आणि मीठ शिजल्यावरच घाला. पाऊण वाटी तुरीच्या डाळीला दोन वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल. तेलानं फेस कमी येतो. कुकर डाळीसाठी एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, फेस शिट्टीच्या नळीत चढतो आणि फुसफुसतो. लावण्याआधी शिट्टी काढून नळीतून उजेड दिसतो का बघा, नसेल तर खराट्याच्या काडीनं मोकळी करा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवा, तिथे दुसरं काही कोंबणं जिवाशी खेळ आहे.

दीड वाटी कणीक, चमचाभर बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ घालून पुरीसारखी घट्ट मळा. सैल कणकेची फळं विरघळतात. पोळी चपातीपेक्षा जाड लाटून शंकरपाळ्यासारखी कापा आणि कापलेले तुकडे कोरड्या पिठावर सुटे पसरा. लसूण, जिरे, हिंग, काळ्या मसाल्याची फोडणी करून वरण घाला, पाच-सहा वाट्या होईल इतकं पातळ करा, चिंच-गूळ घाला. आता खळखळ उकळी येऊ द्या. फळं चिकटतात ती उकळी नसताना टाकल्यामुळे किंवा मूठभर एकदम सोडल्यामुळे. एकेक सोडा, दोन-चार पडली की पळी तळाशी फिरवा, मग परत उकळी आल्यावर पुढची. सगळी पडली की मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं. एक फळ मोडून बघा, मधे पांढरी रेघ दिसली तर अजून कच्चं आहे. उरलं तर सकाळपर्यंत त्याचा गोळा होतो. त्यात गार पाणी घालू नका, फळं फुटून चिकट होतात. कढत पाणी कडेनं सोडून मंद आचेवर न ढवळता तापवा.